कोन्नक्कोल : हात तालात, तोंड हिशोबात

यूट्यूबवर कोन्नक्कोलचे व्हिडिओ पाहून इकडे वळणारे बरेच जण सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात. समोरचा कलाकार दम न घेता ‘तकदिमि तकजणु’ झाडत असतो, आणि आपल्याला वाटतं की सगळं कसब जिभेत आहे. जीभ थोड्या सरावाने सुटते. दमवतो तो मांडीवर ताल धरणारा हात. तोंड पाचापाचाच्या, सातासातांच्या उड्या मारत असताना हाताने आठ ठोके शांतपणे मोजत राहायचे, ही या कलेतली खरी मेहनत. गणित म्हणाल तर ते प्राथमिक शाळेतलं आहे : बेरीज, वजाबाकी, तीनचा पाढा आणि कधीमधी लसावि.

कोन्नक्कोल म्हणजे कर्नाटक संगीतातलं तोंडाने म्हटलं जाणारं तालवादन. त्यात येणाऱ्या बोलांना सोल्लुकट्टु म्हणतात. मृदंग शिकणारा विद्यार्थी वाद्याला हात लावण्याआधी आणि नंतरही हे बोल म्हणतो. भरतनाट्यमचे गुरू झांजा घेऊन नट्टुवांगम करतात तेही याच बोलांवर. मैफलीच्या शेवटाकडे तालवाद्यांना मोकळं मैदान मिळतं, त्या तनि आवर्तनात मृदंग, घटम्, खंजिरा यांच्या बरोबरीने कोन्नक्कोलचा कलाकार आपला डाव मांडतो. मधल्या काळात ही प्रथा बरीच मागे पडली होती. १९७०च्या दशकात जॉन मॅक्लॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदाने हे बोल जगभर नेले, आणि आज बंगळुरूचे बी. सी. मंजुनाथ यांच्यासारख्या कलाकारांमुळे तरुण मंडळी नुसतं कोन्नक्कोल शिकायलाही येतात.

तबल्याची पढंत (तोंडाने म्हटलेले बोल) ऐकलेल्या मराठी माणसाला एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ‘धा’ म्हटलं की कुठल्या हाताने काय वाजवायचं ते बहुतेक ठरलेलं असतं. ‘तकदिमि’चं तसं नाही. तो आधी एक आकडा आहे, चार. मृदंगावर तो किती तरी प्रकारे वाजवता येतो. शब्द उच्चारला की संख्या उच्चारली जाते, म्हणून या पद्धतीत हिशोब तोंडीच होतो. तमिळ कलाकार या हिशोबाला कणक्कु म्हणतात.

लागणारं साहित्य फार नाही. फोनवर एखादं मेट्रोनोम अॅप, चौकटीची वही, पेन्सिल आणि मांडी घालून बसायला जागा. मेट्रोनोम मिनिटाला ५० ते ६० ठोक्यांवर ठेवा.

पहिली पायरी : हात

आदि तालापासून सुरुवात करा. कर्नाटक संगीतातल्या असंख्य रचना याच तालात आहेत. ठोके आठ. उजव्या हाताने मांडीवर असे मोजायचे :

१ – तळहाताची थाप
२ – करंगळी
३ – अनामिका
४ – मधलं बोट
५ – थाप
६ – हात उलटा, तळवा वर
७ – थाप
८ – हात उलटा

पहिल्या चार ठोक्यांच्या गटाला लघु म्हणतात, नंतरच्या दोन-दोनांच्या जोड्यांना द्रुतम्. तबल्याच्या तीनतालात ‘खाली’ची मात्रा येते तशी इथे नाही. ‘आता कितवा ठोका’ हे बोटांवरूनच कळतं. म्हणूनच मोजताना तोंडाने एक-दोन-तीन म्हणू नका. तोंड पुढे दुसऱ्या कामाला लागणार आहे.

दोन-तीन दिवस फक्त हात चालवा. मेट्रोनोमवर, मग गाणं ऐकताना, मग कुणाशी तरी बोलताना. बोलता बोलता हात पाचव्या ठोक्यावर आपसूक थाप देऊ लागला की पुढे जायला हरकत नाही. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि जवळजवळ सगळे ती गाळतात. पुढे कोरवै, म्हणजे हिशोबाने बांधलेली दोन अंगांची रचना, करताना अडतात ते याच ठिकाणी.

दुसरी पायरी : पाच शब्द

तिश्र (३) – तकिट
चतुश्र (४) – तकदिमि
खंड (५) – तकतकिट
मिश्र (७) – तकिटतकदिमि
संकीर्ण (९) – तकदिमितकतकिट

नीट पाहिलं तर ‘तक’, ‘तकिट’ आणि ‘तकदिमि’ एवढीच सामग्री आहे. पाच म्हणजे दोन अधिक तीन. सात म्हणजे तीन अधिक चार (चार अधिक तीनही चालतं). नऊ म्हणजे चार अधिक पाच. सगळी अक्षरं सारख्या लांबीची म्हणा. ‘तकिट’मधला ‘ट’ ओढला की तीनाचे साडेतीन होतात आणि पुढचा सगळा हिशोब कोसळतो. मराठी जिभेला त आणि ट यांतला फरक मुळातच ठाऊक असतो, त्यामुळे उच्चाराची अर्धी लढाई आपण फुकटात जिंकलेली असते. ‘तकीट’ असं दीर्घ मात्र करू नका.

या पाचांवरच कर्नाटक तालपद्धतीचा डोलारा उभा आहे. ध्रुव, मठ्य, रूपक, झंप, त्रिपुट, अट, एक हे सात ताल. लघुची लांबी या पाच आकड्यांनी बदलते (हीच तालाची जाती), म्हणून ३५. प्रत्येक ठोक्याची आतली विभागणीही पाच प्रकारे होते, म्हणून १७५. घाबरू नका, मैफलीत यातले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच नेहमी भेटतात. आपला आदि ताल म्हणजे या कोष्टकातला चतुश्र जातीचा त्रिपुट.

तिसरी पायरी : तीन वेग

हात त्याच लयीत ठेवून ‘तकदिमि’ तीन प्रकारे म्हणा. आधी ठोक्याला एक अक्षर : दोन ‘तकदिमि’त आठ ठोक्यांचं आवर्तन पुरं. मग ठोक्याला दोन, मग चार. वेग बदलताना हात ढिला पडतो किंवा घाईला येतो. मेट्रोनोम असतो तो यासाठीच.

ठोक्याला चार अक्षरं आली की प्रत्येक ठोक्यात चार घरं झाली असं धरा. यालाच चतुश्र गती म्हणतात. आठ ठोके, प्रत्येकी चार घरं, एकूण ३२. इथून पुढे हाच आकडा डोक्यात ठेवायचा. घरात अक्षर असेल किंवा घर रिकामं असेल, पण रिकामं घरही मोजलं जातं. या रिकाम्या घरांना कार्वै म्हणतात.

चौथी पायरी : विषम शब्द, सम ठोके

मजा इथे सुरू होते. चार घरांच्या ठोक्यांवर पाचाचा शब्द म्हणायचा. ‘तकतकिट’ चार वेळा म्हणजे २० घरं, म्हणजे बरोबर पाच ठोके. वहीत असं उतरवा, एका ओळीत एक ठोका :

१ | त क त कि
२ | ट त क त
३ | कि ट त क
४ | त कि ट त
५ | क त कि ट

शब्द कुठे सुरू होतो ते पाहा. पहिल्या ठोक्यात पहिल्या घरात, दुसऱ्यात दुसऱ्या, तिसऱ्यात तिसऱ्या, चौथ्यात चौथ्या. प्रत्येक वेळी एक घर पुढे सरकतो आणि पाच ठोक्यांनी पुन्हा जुळतो, कारण चार आणि पाच यांचा लसावि वीस. तीनाच्या शब्दाचं असंच : ‘तकिट’ चार वेळा, बारा घरं, तीन ठोके. ‘त कि ट त | कि ट त कि | ट त कि ट’.

हे म्हणताना दोन मोह होतात. एक, ‘तकतकिट’च्या पहिल्या ‘त’वर जोर देता देता हातही तिकडेच ओढला जातो आणि ठोके पाचापाचाचे होतात. दुसरा याच्या उलट : ठोक्यावर येणाऱ्या अक्षराला जोर जातो, शब्द फुटतो आणि ऐकणाऱ्याला नुसतं सपाट ‘चार-चार’ ऐकू येतं. हवं आहे ते असं की तोंडाचा जोर शब्दाच्या सुरुवातीवर आणि हाताचा ठोका आपल्या जागी. दोघांनी एकमेकांकडे दुर्लक्ष करायचं. सुरुवातीला मेट्रोनोम ४० पर्यंत खाली आणा आणि दुसऱ्या ठोक्यावर ‘ट’ पडतो आहे, तिसऱ्यावर ‘कि’, चौथ्यावर ‘त’, हे कानाने पकडा. ठोक्यांवर पडणारी अक्षरं ओळीने वाचली तर ‘त ट कि त क’, म्हणजे तोच शब्द शेवटाकडून चालत येतो. एवढं ध्यानात आलं की वही मिटता येते.

पाचवी पायरी : ३२ घरं भरणं

आता आवर्तन पुरं करायचं. काही जोड्या देतो, सगळ्या समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, सुटतात :

तकिट ८ वेळा + तकदिमि २ वेळा (२४ + ८)
तकतकिट ४ वेळा + तकदिमि ३ वेळा (२० + १२)
तकिटतकदिमि ४ वेळा + तकदिमि (२८ + ४)
तकदिमितकतकिट ३ वेळा + तकतकिट (२७ + ५)

शेवटची जोडी सगळ्यांत चविष्ट आहे, कारण त्यात ‘तकदिमि’ने मोकळं व्हायची सोय नाही, अगदी सम येईपर्यंत पाय अधांतरीच.

किती प्रकारे भरता येईल, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. कवितेच्या छंदातलं लघु अक्षर एक मात्रेचं, गुरू दोन मात्रांचं, तर चार मात्रा भरायचे प्रकार पाच, पाच मात्रांचे आठ, सहांचे तेरा. आधीच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा. हे छंदशास्त्राच्या निमित्ताने जैन आचार्य हेमचंद्राने बाराव्या शतकात मांडलं, हीच मालिका युरोपात ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२चं. आणि तालाच्या अंगांच्या (लघु, द्रुतम् यांसारख्या भागांच्या) मांडण्या मोजायची पद्धत, म्हणजे तालप्रस्तार, तपशिलाने येते ती शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’मध्ये. हा ग्रंथ तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी लिहिला गेला. शार्ङ्गदेव तिथे राज्याचे जमाखर्च पाहायचा. तालाचा अध्याय वाचताना ते लपत नाही.

बी. सी. मंजुनाथ यांनी फिबोनाची मालिकेवर म्हटलेलं कोन्नक्कोल बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. ऐकायला सुरेख आहे, पण शिकायला सुरुवात तिथून करू नये.

सहावी पायरी : मोरा

एखादा तुकडा तीनदा म्हणायचा, मध्ये दोनदा सारखी जागा सोडायची आणि ठरलेल्या ठिकाणी उतरायचं. तमिळमध्ये याला मोरा किंवा तीर्मानम् म्हणतात, कर्नाटकात मुक्ताय. तबल्यातल्या तिहाईची ही सख्खी बहीण. तुकड्याची लांबी ‘तु’ आणि मधली जागा ‘जा’ धरली तर एकूण घरं = ३ × तु + २ × जा.

पहिला मोरा पाचव्या ठोक्यापासून सुरू करा. तिथून समेपर्यंत १६ घरं. तुकडा ‘तकदिमि’, जागा दोन घरांची : ४ + २ + ४ + २ + ४ = १६.

५ | त क दि मि
६ | – – त क
७ | दि मि – –
८ | त क दि मि
१ | सम

पहिले चार ठोके साधं ‘तकदिमि’ म्हणा, मग हे. दुसरा तुकडा सहाव्या ठोक्याच्या मधोमध सुरू होतो आणि सातव्याच्या मधोमध संपतो, एवढाच काय तो पेच. रिकामी घरं गिळली जातात, ही नवशिक्यांची हमखास चूक. सुरुवातीचे काही दिवस त्या दोन घरांत ओठातल्या ओठात ‘तक’ म्हणा, म्हणजे जागा आखडत नाही.

तबला शिकलेल्यांसाठी इथे मोठा खड्डा आहे. आपल्या तिहाईत शेवटचा ‘धा’ समेवर पडतो, म्हणजे तिहाईचं शेवटचं अक्षर पुढच्या आवर्तनात जातं. सोळा मात्रांची तिहाई बसवताना आपण बेरीज सतरा करतो. कर्नाटक पद्धतीत मोऱ्याचं शेवटचं अक्षर समेच्या आधीच्या घरात संपतं आणि सम मोकळी राहते, गायकाने ओळ उचलावी म्हणून. वर शेवटचा ‘मि’ आठव्या ठोक्याच्या शेवटच्या घरात आहे ते त्यासाठीच. तिहाईची सवय असलेली मंडळी हा ‘मि’ समेवर ढकलतात आणि मग एका घराचा घोळ शोधत बसतात.

आता खास मोऱ्याचा शब्द शिका. पाच अक्षरांचा : त दि गि ण तोम्. तो लांबवायची रीत ठरलेली आहे :

५ – त दि गि ण तोम्
६ – त दि – गि ण तोम्
७ – त – दि – गि ण तोम्
८ – त दि – गि – ण – तोम्
९ – त – दि – गि – ण – तोम्

अक्षरं पाचच, लांबी पाच ते नऊ. हे पाचही प्रकार तोंडात पक्के बसवा, पुढचं सगळं यावर चालतं.

पाचाचा प्रकार तीनदा, मध्ये जागा न सोडता, म्हणजे १५ घरं. पाचव्या ठोक्यापासून १६ घरं आहेत, तर पहिलं रिकामं सोडायचं :

५ | – त दि गि
६ | ण तोम् त दि
७ | गि ण तोम् त
८ | दि गि ण तोम्

थाप पडते तेव्हा तोंड गप्प, आणि लगेच पुढच्या घरात सुरुवात. थापेबरोबर बोलायची सवय मोडायला याहून चांगला व्यायाम नाही.

कर्नाटक संगीतातल्या अनेक कृती, म्हणजे गायच्या रचना, समेवर सुरूच होत नाहीत. त्या अर्धा किंवा दीड ठोका उशिरा उचलतात, त्या जागेला एडुप्पु म्हणतात. मोरा तिथे उतरला पाहिजे. दीड ठोका म्हणजे सहा घरं. पाचव्या ठोक्यापासून निघालात तर १६ + ६ = २२ घरं भरायची. सहाचा ‘त दि – गि ण तोम्’ तीनदा १८, दोन जागा दोन-दोनांच्या ४. झाले २२. सम मध्येच कुठेतरी निघून जाते आणि हाताला ते दाखवायचं असतं, तोंडाला नाही.

सातवी पायरी : यति आणि कोरवै

तुकड्यांचा आकार कमी-जास्त करत नेला की यति होते. मोठ्याकडून लहानाकडे गेलात तर गोपुच्छ, गाईच्या शेपटासारखी निमुळती. लहानाकडून मोठ्याकडे गेलात तर स्रोतोवहा, म्हणजे नदी. मध्ये फुगीर ती मृदंग, मध्ये बारीक ती डमरू. सारख्या तुकड्यांची सम, आणि कशाचाच मेळ नसलेली ती विषम. सुरुवातीला गोपुच्छ एकच करा.

कोरवै ही दोन अंगांची रचना. पूर्वांगात बहुतेक वेळा यतीसारखी काही आकृती, उत्तरांगात मोरा. पूर्वांग ५ + ४ + ३ + २ + १ घेऊ. बेरीज १५. ३२ मधून १५ गेले, उरले १७. आता १७ = ३ × तु + २ × जा सोडवायचं. तुकडा पाचाचा घेतला तर १५, उरले दोन, म्हणजे जागा एकेका घराची. बसलं. पूर्ण आवर्तन असं दिसतं :

१ | त क त कि
२ | ट त क दि
३ | मि त कि ट
४ | त क ता त
५ | दि गि ण तोम्
६ | – त दि गि
७ | ण तोम् – त
८ | दि गि ण तोम्

यात ‘तकतकिट, तकदिमि, तकिट, तक, ता’ पंधराव्या घरात संपतं आणि सोळाव्या घरात, म्हणजे पाचव्या ठोक्याच्या थापेच्या एक घर आधी, उत्तरांग सुरू होतं. थापेवर ‘दि’ पडतो. हीच जागा निसटते. म्हणून आधी फक्त चौथा आणि पाचवा ठोका घोळवा : ‘त क ता त | दि गि ण तोम्’. मग पूर्वांग वेगळं, उत्तरांग वेगळं, आणि शेवटी सलग. पहिल्याच दिवशी सलग म्हणायचा हट्ट धरू नये.

समजा ‘ता’नंतर गडबडलात, तर हात थांबवू नका. ताल चालू ठेवा, पुढच्या समेची वाट पाहा, तिथून पुन्हा सुरू करा. चुकलं की हात थांबवायची सवय एकदा लागली की ती सोडवता सोडवता नाकी नऊ येतात.

पूर्वांग बदलून पाहा. ७ + ५ + ३ हेसुद्धा १५च होतात, तेव्हा ‘तकिटतकदिमि, तकतकिट, तकिट’ म्हणून तेच उत्तरांग जोडता येतं. ४ + ३ + २ + १ म्हणजे १० घेतलेत तर २२ उरतात, आणि बावीसचं उत्तर वर एडुप्पुच्या हिशोबात येऊन गेलंय. ६ पासून १ पर्यंत उतरलात तर २१, उरले ११ : ‘तकिट’ तीनदा, जागा एकेक. काही पूर्वांगांना उत्तरच नीट मिळत नाही, किंवा मिळतं पण म्हणायला बेढब लागतं. कागदावर जुळलं म्हणजे कानाला रुचेल असं नाही. मृदंगाच्या पुदुकोट्टै घराण्याची ख्याती हिशोबाच्या गुंतागुंतीसाठी आहे, पण त्या बाणीतले पळनी सुब्रमण्य पिळ्ळै यांचं वादन ऐका, आकडे आधी कानावर येत नाहीत, नाद येतो.

आठवी पायरी : गती बदलणं

इतका वेळ ठोक्यात चार घरं होती. तीन केलीत की तिश्र गती, आवर्तनाची घरं २४. आपली ३२ घरांची कोरवै यात एकदा म्हटली तर आठ घरं पुढे जाऊन संपते, दोनदा म्हटली तर ६४, म्हणजे तरीही अधांतरी. तीनदा म्हटली तर ९६, म्हणजे बरोबर चार आवर्तनं. तनि आवर्तनाच्या शेवटी कोरवै तीनदा म्हणायची रीत आहेच, ती इथे हिशोबालाही उपयोगी पडते. खंड गतीत आवर्तन ४० घरांचं, तिथे हीच कोरवै पाचदा म्हटली की चार आवर्तनं भरतात. मिश्र गतीत ५६ घरं, सातदा म्हटली की पुन्हा चारच. पण पाच-सात वेळा तेच ऐकायला श्रोता बसत नाही, म्हणून त्या गतींसाठी कलाकार वेगळ्या कोरवै बांधतात.

तिश्र गती शिकताना आधी कोरवै विसरा. हाताला ठोका तोच ठेवून तोंडाने एक आवर्तन ‘तकदिमि’, एक आवर्तन ‘तकिट’ असं आलटून पालटून म्हणा. चारावरून तीनावर येताना लय मंदावल्यासारखी वाटते आणि हातही मागे रेलतो. मेट्रोनोम खोटं बोलत नाही, त्याच्यावर भरवसा ठेवा.

बाकीचे ताल

आदि हातात बसला की मिश्र चापु (७ : तकिट तकदिमि) आणि खंड चापु (५ : तक तकिट) घ्या. चापु तालांत बोटं मोजत नाहीत, टाळ्यांनीच भागतं. कर्नाटक रूपक व्यवहारात तीन ठोक्यांचा असतो, आपल्या सात मात्रांच्या रूपक तालाशी त्याची गल्लत करू नका. हिशोबाची रीत सगळीकडे तीच : आवर्तनाची घरं मोजा, पूर्वांग वजा करा, उरलेल्याला तीनाने आणि दोनाने जुळवा.

गुरू, आणि घरचा अभ्यास

लेख वाचून इथपर्यंत येता येतं. पुढे माणूस लागतो, कारण आपलं घर आखडलं की लांबलं हे आपल्याला ऐकू येत नाही. मुंबईत माटुंगा-शीव भागात कर्नाटक संगीत शिकवणाऱ्यांची जुनी वस्ती आहे, षण्मुखानंद सभेचं संगीत विद्यालयही तिथेच. पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांत मृदंगाचे गुरू सहज मिळाले नाहीत तर भरतनाट्यमच्या वर्गात चौकशी करा. जे स्वतः नट्टुवांगम करतात त्यांच्या तोंडी सोल्लुकट्टु पक्कं असतं. भरतनाट्यमचा आजचा क्रम ज्या चार भावांच्या नावे सांगितला जातो, ते पोन्नैया, चिन्नैया, शिवानंदम् आणि वडिवेलु तंजावरच्या दरबारातले, सरफोजीराजे दुसरे यांच्या काळातले. म्हणजे या बोलांना मराठी दरबाराचे कान तेव्हापासून लागलेले आहेत.

गुरूकडे जाण्याआधी एक कोरवै स्वतः बसवून जा. वरच्या रचनेतला पूर्वांगातला शेवटचा ‘ता’ काढा, म्हणजे ५ + ४ + ३ + २ = १४. उरले १८. हे १८ मध्ये जागा न सोडता ५ + ६ + ७ असे भरता येतात : पूर्वांग निमुळतं होत जातं आणि उत्तरांग रुंदावत जातं. पहिले तीन ठोके आधीच्यासारखेच. पुढचे असे :

४ | त क त दि
५ | गि ण तोम् त
६ | दि – गि ण
७ | तोम् त – दि
८ | – गि ण तोम्

सहाव्या आणि आठव्या ठोक्यातली रिकामी घरं वेगळी घोळवा. आठव्यावर हात उलटताना तोंड बंद असतं आणि समेआधी तीनच अक्षरं उरतात, तिथे घाई होते. ५० च्या लयीत सलग तीन वेळा सम सापडली की फोनवर रेकॉर्ड करा आणि मेट्रोनोमचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या. गुरूंना आधी तेच ऐकवा.